हौसेचा बट्टा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सराफाच्या दुकानात दोन प्रकारचे 'जुने' रुपये मिळतात. एक खरोखरचा जुना: व्हिक्टोरिया राणीचा किंवा पंचम जॉर्जचा, कुणाच्या तरी आजीच्या डब्यातून मोडीत आलेला. दुसरा अलीकडेच पाडलेला. त्यावरही राणीच असते, सालही १८६२ असतं, पण सरकारी टांकसाळीचं तोंड त्याने कधी पाहिलेलं नसतं. पूजेच्या ताटात दोन्ही सारखेच चमकतात. लक्ष्मीपूजनापुरतं त्यात काही बिघडतही नाही. शुद्धता विचारून घेतली की चांदी ती चांदीच. बिघडतं ते पुढे. ताटातला रुपया हातात घेऊन, उलटसुलट करून बघता बघता घरातल्या कुणाला तरी नाणी जमवायचा नाद लागतो आणि तो खिशात पैसे घालून बाजारात उतरतो.

हौसेला मोल नाही म्हणतात. नाण्यांच्या हौसेत मात्र सगळ्यात आधी मोलच चुकतं. पहिल्या वर्षात जास्त पैसे न मोजलेला संग्राहक शोधून सापडायचा नाही. पण 'जास्त पैसे गेले' या तीन शब्दांत चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. खोटं नाणं घेतलं, ही एक. खरं पण पैशाला पासरी मिळणारं नाणं दुर्मीळ म्हणून घेतलं, ही दुसरी. दुर्मीळ घेतलं पण खराब झालेलं घेतलं, ही तिसरी. आणि चांगलं, दुर्मीळ नाणं चढ्या भावाने घेतलं, ही चौथी. या चारही गोष्टींचं दुःख पहिल्या दिवशी सारखंच असतं. पाच वर्षांनी मात्र त्यांचे हिशेब अगदी वेगळे निघतात.

किती जुनं आहे हो?

मोठ्या शहरांत आता नाणेप्रदर्शनं नेमाने भरतात. एखादा हॉल किंवा मंगल कार्यालय, ओळीने मांडलेली टेबलं, त्यांवर अल्बम, काचेच्या पेट्या आणि टोपलीत ओतलेला किरकोळ माल. कुठल्याही टेबलापाशी थोडं रेंगाळलं, तर थोड्याफार फरकाने हाच संवाद कानावर पडतो.

"काका, हा राणीछाप केवढ्याला?"

"बघा ना आधी. हातात घ्या."

"किती जुना आहे हो?"

"अठराशे बासष्टचा आहे, साहेब. दीडशे वर्षं उलटून गेली. आता असा पीस मिळत नाही."

शेवटचं वाक्य सोडलं, तर विक्रेता काही खोटं बोललेला नाही. रुपया अस्सल आहे, चांदी अस्सल आहे. चुकला आहे तो गिऱ्हाइकाचा प्रश्न. राणीछाप रुपयावरचं १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच ठेवलं गेलं. टांकसाळी बारा-तेरा वर्षं त्याच सालाचे रुपये पाडत राहिल्या. नाण्यावर बारीक ठिपके देण्यात आले आणि त्या ठिपक्यांवरून अभ्यासक आज खरं वर्ष लावू पाहतात. असे कोट्यवधी रुपये निघाले. लोकांनी ते खर्चले तसे पुरलेही, ओवून गळ्यात घातले, हुंड्यात दिले, म्हणून ते आजही ढिगाने आहेत. एखाद्या विरळ ठिपक्याचा किंवा साच्याच्या वेगळ्या प्रकाराचा रुपया खरोखर महाग असतो; पण तो ओळखायला ठिपका कुठे शोधायचा हे आधी ठाऊक असावं लागतं.

अशा रुपयाचा तळभाव कुणालाही घरी काढता येतो. १८३५ च्या कायद्याने ठरलेला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. बारा भागांत अकरा भाग चांदी. शुद्ध चांदी भरते १०.६९ ग्रॅम. गणित सोपं व्हावं म्हणून चांदी किलोला एक लाख रुपये धरली, तर नव्या कोऱ्या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी झाली. झिजलेल्यात थोडी कमी. त्या दिवशीचा भाव घालून हा आकडा काढायचा. त्याच्या वर जे पैसे द्यायचे, ते नाणेपणाचे. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. तेव्हा १९४४ किंवा १९४५ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दिसायला तसाच, पण आत चांदी ५.८३ ग्रॅम. आणि १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचाच. स्वातंत्र्याचं साल म्हणून तो भावनेला हात घालतो आणि भावना ओळखूनच त्याचा भाव सांगितला जातो.

वय आणि दुर्मीळपणा यांचा संबंध किती सैल आहे हे पाहायचं तर नाशिककडे जावं. १९०६ साली सिन्नरजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केल्याचा इतका ढळढळीत पुरावा क्वचितच मिळतो. पण संग्राहकाच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट आहे. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचं नाणं हजारोंनी उपलब्ध असू शकतं, म्हणून नहपानाचं बरं नाणं सामान्य माणसाच्या आवाक्यात येतं.

उलट उदाहरण १९११ चं. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावर जो छोटा हत्ती कोरला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती आला. तसाच १९३९ चा, पूर्ण चांदीचा शेवटचा रुपया. ही दोन्ही नाणी राणीछापापेक्षा तरुण आणि कितीतरी महाग. म्हणूनच १९३८ मधल्या आठावर हत्यार फिरवून त्याचा नऊ केलेले रुपयेही बाजारात फिरतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग शेवटच्या आकड्यावर धरलं, की आसपास खरडल्याच्या रेघा दिसतात. बाकीचे तीन आकडे पृष्ठभागातून सहज वर आलेले असतात आणि हा चौथा उपरा वाटतो.

महाराजांच्या नावाने

मराठी माणसाचं पहिलं नाणं बहुधा शिवराई असतं, आणि पहिली चूकही तिथेच होते. तांब्याचं जाडसर नाणं, पुढे तीन ओळींत 'श्री राजा शिव', मागे दोन ओळींत 'छत्र पति'. १६७४ च्या राज्याभिषेकाची आठवण करून देणारी ती अक्षरं पाहिली, की घासाघीस करायला जीभ रेटत नाही. महाराजांच्या नाण्याचा भाव पाडायचा कसा?

पण शिवराई महाराजांच्या नंतरही जवळजवळ दीड शतक पाडली जात होती. छत्रपतींच्या, पेशव्यांच्या काळात ठिकठिकाणच्या टांकसाळींतून, मक्ता घेतलेल्या कारागिरांकडून, त्याच नावाने. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीही काही काळ ती चालू ठेवली. मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही त्या उतरत्या काळातली. म्हणजे टोपलीतून उचललेली शिवराई अस्सल असूनही महाराजांच्या हयातीतली असण्याची शक्यता थोडी. अक्षरांचं वळण, वजन, 'शिव' ऱ्हस्व की दीर्घ, श की स, काठाचे ठिपके, असे अनेक धागे जुळवून अभ्यासक काळ ठरवतात आणि तरीही एकमेकांशी वाद घालतात. नंतरच्या काळातली साधी, झिजलेली शिवराई काही शेकड्यांच्या आत मिळते. तीच 'महाराजांच्या काळातली' म्हणून काही हजारांना घेतली, तर नाणं खरं आणि व्यवहार खोटा.

सोन्याच्या होनाची तऱ्हा आणखी वेगळी. शिवकालीन अस्सल होन इतके मोजके उरले आहेत, की तो रस्त्यावरच्या पथारीवर समोर येणं जवळपास अशक्य. तरी येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, हल्ली मोबाइलवरच्या फोटोतही येतो. सोबत एक हकीकत असते: शेत नांगरताना हंडा लागला, भावाभावांत वाटणी झाली, गवगवा नको म्हणून गुपचूप विकतोय.

ही हकीकत ऐकली की नवखा माणूस आवाज खाली आणतो आणि पैसे वर काढतो. खरं तर दोन्ही बाजूंनी तोटाच. हकीकत खोटी असेल, तर पितळेवर सोन्याचं पाणी घरी येतं. आणि खरी असेल, तर १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा आडवा येतो. जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जोगलटेंभीची नाणी मुकाट्याने सराफकट्ट्यावर विकली गेली असती, तर सातकर्णीच्या विजयाची ती साक्ष मुशीत गेली असती.

जी नाणी कधी नव्हतीच

खोट्या नाण्यांतही दोन जाती. पहिल्या जातीचं नाणं खऱ्या नाण्याची नक्कल असतं. दुसऱ्या जातीला मूळच नसतं. एका बाजूला इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८', दुसऱ्या बाजूला राम-दरबार किंवा द्रोणागिरी उचललेला मारुती. काहींवर १६१६ आणि १७१७ अशी ताल धरलेली सालं. हे तुकडे देशभर प्रत्येक गावात आहेत आणि 'कंपनीचं देवाचं नाणं' म्हणून हजारोंना खपले आहेत.

कंपनीने असं नाणं कधी काढलं नाही. १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाकडून कंपनीला मुंबईत रुपये पाडायची मुभा मिळाली, तीही मोगल पद्धतीने, बादशहाच्या नावाने. सबंध मुलखात एकसारखी नाणी आली ती १८३५ नंतर. बनावट नाणं करणाऱ्याने त्या १८३५ च्या तांब्याच्या अर्ध्या आण्यावरचं कंपनीचं मानचिन्ह उचललं आणि साल मागे ढकललं. घेणाऱ्याने इतिहासाचं एक पान वाचलं असतं, तर त्याचे पाच हजार वाचले असते. रामटंक्यांची गोष्ट थोडी निराळी. देवस्थानांतून भाविकांना मिळणाऱ्या या मुद्रांची परंपरा खरी आणि जुनी आहे, पण त्या चलन कधीच नव्हत्या. 'त्रेतायुगातलं नाणं' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघावं. आणि तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणाऱ्या नाण्याची बात कानावर आली, तर नमस्कारही न करता निघावं. त्या नादात लोकांनी घरं विकली आहेत.

नक्कल ओळखायला मात्र हाताला काम द्यावं लागतं. शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत येतो. त्यावर राणीछाप रुपया ठेवा. नवा असेल तर ११.६६, वापरलेला असेल तर त्याहून थोडा कमी. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. रुपयाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला आणि कडेला टेकणार नाही, असा अधांतरी धरा. काटा १.१३ च्या जवळपास थांबला पाहिजे. नाण्याचं वजन भागिले हा आकडा, उत्तर साधारण १०.३, अकरा भाग चांदीची घनता हीच. जर्मन सिल्व्हर नावाच्या, चांदीचा कणही नसलेल्या मिश्रधातूचा त्याच वजनाचा तुकडा असेल, तर काटा १.३५ च्या पुढे जातो. पाणी कुणाची भीड धरत नाही.

या कसोटीला मर्यादा आहे. योग्य कसाच्या चांदीतच नवा रुपया पाडला असेल, तर पाणी त्याला पास करतं. मग उरतात डोळे. ओतीव नाण्याच्या काठावर जोडाची रेघ, सपाट भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे, वापरलेल्या साबणावरच्यासारखी गुळगुळीत अक्षरं. ठशाने पाडलेली नक्कल असेल, तर खात्रीच्या नाण्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावं लागतं. त्यासाठी आधी खात्रीची नाणी भरपूर पाहिलेली हवीत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, मुंबईच्या फोर्टात रिझर्व्ह बँकेचं. काचेमागचं नाणं विकत घेता येत नाही, हाच तिथला मोठा फायदा. माणूस निवांत बघतो.

घासून लख्ख

तिसऱ्या प्रकारचं नुकसान आपल्या स्वच्छतेच्या आवडीतून होतं. तांब्या-पितळेची भांडी घासून लख्ख करणाऱ्या घरात काळपट नाणं बघवत नाही. चिंच, राख, लिंबू, भांड्यांची पावडर, सोनाराकडचं आम्ल, काहीही चालतं. नाणं चकाकतं आणि त्याची किंमत पडते. टांकसाळीत ठसा बसताना धातू बाहेरच्या दिशेने पसरतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. कोरं नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं, की प्रकाशाचा पट्टा त्यावरून चक्रासारखा फिरतो तो त्यांच्यामुळे. घासलं की त्या रेषा जातात. मग चमक उरते, पण ती मेल्यासारखी सपाट, सगळीकडे सारखी.

विक्रेत्यांच्या तोंडी सतत असणारा शब्द म्हणजे 'कंडिशन'. व्हीएफ, एक्सएफ, यूएनसी ही आद्याक्षरं म्हणजे बरं, उत्तम आणि न वापरलेलं. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था नाणं तपासून, १ ते ७० मध्ये गुण देऊन बंद डबीत घालून देतात. हे गुण देण्याची पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटांसाठी काढली होती. एकाच सालाच्या, एकाच टांकसाळीच्या दोन रुपयांत कंडिशनमुळे दहापट अंतर पडू शकतं. नवखा ग्राहक यादीतला यूएनसीचा भाव वाचतो आणि व्हीएफ नाण्याला तो मोजतो. किंवा घासलेलं नाणं कोरं समजतो. दोन्हीत त्याने नाणं बघितलेलंच नसतं, साल तेवढं वाचलेलं असतं.

विकायला बसा

घेतलेल्या नाण्याचा भाव घेताना कळत नाही, विकताना कळतो. हा सगळा धडा एवढाच आहे, आणि तो कुणी सांगून पटत नाही.

नाणं घेऊन परत त्याच हॉलमध्ये गेलं, की चित्र पालटतं. "आता असा पीस मिळत नाही" म्हणणारे तेच काका म्हणतात, "आमच्याकडे आहेत हो आठ-दहा." दुसऱ्या टेबलावर नाण्याला हातही लावला जात नाही. तिसरा भिंग काढतो, काठ बघतो आणि निम्मा भाव सांगतो. यात लबाडीच असते असं नाही. टेबलाचं भाडं आहे, प्रवास आहे, वर्षभर न विकला जाणारा माल आहे. घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातल्या फटीतच त्याचं पोट आहे. लिलावातही तेच. हातोडा पडतो त्या बोलीवर खरेदीदाराला कमिशन आणि कर द्यावा लागतो आणि विकणाऱ्यालाही आपला वाटा सोडावा लागतो.

पेशवाईत अंकुशी, चांदवडी, सुरती, हाली असे तऱ्हेतऱ्हेचे रुपये एकाच बाजारात चालत आणि एकाचा दुसरा करून घेताना सराफ बट्टा कापून घेई. कोणत्या रुपयाला किती बट्टा, हे त्याला माहीत असे आणि शेतकऱ्याला नसे. एकसारखा रुपया आल्यावर चलनातला तो बट्टा गेला. हौशी नाण्यांच्या बाजारात तो अजून चालू आहे आणि ज्याला माहिती कमी तोच तो भरतो.

टांकसाळीच्या स्मरणनाण्यांत हा बट्टा सगळ्यात उघडा दिसतो. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या निमित्ताने ७५ रुपयांचं नाणं निघालं. ३५ ग्रॅम, ४४ मिलिमीटर, आणि मिश्रण तेच १९४० च्या रुपयाचं, निम्मी चांदी. अशी नाणी टांकसाळ स्वतः नोंदणी घेऊन, दर्शनी किमतीहून बऱ्याच जास्त दराने विकते. त्यावर पहिल्या काही आठवड्यांत घाई झालेल्यांकडून आणखी वरकड घेणारे मधले लोक असतात. चर्चा ओसरली की हेच नाणं शांतपणे, कमी भावात मिळू लागतं. थांबायची तयारी असणाऱ्याला इथे ज्ञानसुद्धा लागत नाही.

आणि उलट्या दिशेचं आमिषही आहेच. 'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, दहा लाख घ्या.' ते २०१२ चं नाणं चलनातलं आहे, लोकांच्या खिशात आहे. विकणाऱ्याकडूनच 'नोंदणी' आणि 'कर' म्हणून आधी पैसे उकळायचे, असा हा धंदा. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून तो इतका वाढला, की ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर करावं लागलं की आपण अशा व्यवहारांत नाही आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही.

आता त्या चार प्रकारांचा हिशेब. खोट्या नाण्याचे पैसे बुडाले ते बुडाले. तो तुकडा पुन्हा बाजारात न सोडता, वेगळ्या डबीत चिठ्ठी लावून, ताडून पाहायला ठेवावा. दुसऱ्याच्या गळ्यात मारला, तर आपणही त्याच साखळीतली कडी होतो. ढिगाने मिळणारं नाणं महाग घेतलं असेल, तर चांदीचा भाव कधीतरी हात देतो. तांब्याच्या शिवराईला तोही आधार नाही. घासलेलं नाणं घासलेलंच राहतं. पण चौथ्या प्रकारात, म्हणजे १९११ चा न घासलेला, ठसठशीत रुपया त्या दिवशीच्या भावापेक्षा पंधरा-वीस टक्के जास्त देऊन घेतला असेल, तर त्याला चूक म्हणायला अनुभवी संग्राहक तयार होत नाहीत. तसा नग पुन्हा समोर यायला वर्षं जातात, आणि विकायला काढला तर तिन्ही टेबलांवर खुर्ची पुढे ओढली जाते. स्वस्तात मिळतात म्हणून घेतलेली पन्नास नाणी मात्र एकगठ्ठा, वजनावरच जातात.

त्यामुळे पहिल्या फटक्यानंतर शहाणा झालेला माणूस कंजूष होत नाही. तो कमी वेळा घेतो आणि जास्त देऊन घेतो. पावती मागतो, तिच्यावर नाण्याचं वर्णन आणि खोटं निघाल्यास परत घेण्याचा शब्द लिहून मागतो. लिलावांत उतरलेले भाव आधी बघून येतो, कारण टेबलावर सांगितला जातो तो भाव मागणीचा असतो आणि लिलावात नोंदला जातो तो प्रत्यक्ष मोजलेला. आणि टेबलाशी उभा राहिला, की नाणं किती जुनं हे विचारत नाही. तो विचारतो, "काका, हेच नाणं सहा महिन्यांनी मी आणलं, तर केवढ्याला घ्याल?"

जो विक्रेता या प्रश्नाला आकडा सांगतो, त्याच्याकडून घ्यावं.